पिवळा दिवा, डबल बेल

सोमवार, ५

रोज लिहायचा मला नाद नाही. काही घडलं तरच वही काढायची. आज घडलंय, आणि डोकं असं फिरलंय की लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

सकाळी बाजाराला निघालो. गाडीत बसल्यावर नेहमीप्रमाणे मी डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. त्याशिवाय आमचे हे गाडी हलवत नाहीत. दोघांची सगळी नोकरी एकाच बसवर गेली, हे पुढे स्टिअरिंगवर आणि मी मागे तिकिटं फाडत. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. लग्न झालं, लेक झाली, दोघं निवृत्त झालो, पण बेल सुटली नाही. गाडी मलाही येते, लायसन्स आहे, एकटी असले की चालवतेही. पण हे सोबत असले की स्टिअरिंग ह्यांचं आणि बेल माझी, ही वाटणी ठरलेली.

तर आज बेल दिली, ह्यांनी किल्ली फिरवली, आणि गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. "बघ गं, कुठला दिवा लागलाय?" हे म्हणाले. दिवा ह्यांच्या नाकासमोर, पिवळाधमक! मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. "इंजिनचा," मी म्हटलं. "हं, मलाही तेच वाटलं," म्हणाले.

गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने स्टिअरिंगच्या खाली एक यंत्र खोचलं, त्याचा पडदा बघितला, आणि फुकट्या प्रवासी जुनं तिकीट मुठीत लपवतो तसा तो पडदा माझ्यापासून लपवला. "मोठं काम निघालंय. इंजिन खोलावं लागेल. महिनाभर गाडी राहू द्या माझ्याकडे."

"काय लिहिलंय ते दाखवा की."

"मावशी, ते कॉम्प्युटरचं असतं. तुम्हाला नाही कळायचं."

झालं! भल्याभल्यांना भर रस्त्यात खाली उतरवलेली बाई मी. मला नाही कळायचं? गाडी दिली नाही. ढकलत परत दारात आणली, शेजारच्या काकूंनीही हात लावला.

आणि महिनाभर कसं चालेल? पंचवीस तारखेला रविवारी लेकीच्या दुकानाचं उद्‌घाटन आहे, घाटापलीकडच्या तिच्या गावात. चष्म्याचं दुकान, आत डोळे तपासायची खोली, यंत्रं सगळी नवी, आणि पाटीवर तिचं स्वतःचं नाव. कालच तिचा फोन आला होता. "बाबा, गाडी तुम्हीच दारात आणून उभी करायची. आणि माझ्या यंत्रावर पहिले डोळे तुमचे तपासणार. एकही अपघात न करता निवृत्त झालेला ड्रायव्हर येतोय म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय." फोन ठेवल्यावर हे उठून अंगणात गेले. भरून आलं असणार. बापाचं काळीज शेवटी.

काहीही होवो, पंचवीसला गाडी तिच्या दारात जाणार.

गुरुवार, ८

यंत्र मागवलं! आज आलं. एक जाडसर वायर, एका टोकाला दातांची कवळी असावी तसा प्लग, दुसरं टोक लॅपटॉपला. लॅपटॉप लेकीचा जुना, माझ्याकडे भजनं ऐकायला पडला होता. त्याचं नशीब उजळलं.

प्लगची जागा शोधताना माझं डोकं पेडलवर आणि पाय दाराबाहेर. काकू कुंपणावरून ओरडल्या, "अहो, चक्कर आली का?" म्हटलं, "नाही, विद्या येतेय."

आधी काही केल्या जोडलंच जाईना. मग कळलं, किल्ली अर्धी फिरवून ठेवायची असते. फिरवली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: पी शून्य एक शून्य दोन. अंगावर शहारा आला माझ्या. गाडी बोलली की हो! मी नंबर शोधला. अर्थ असा, की इंजिनात शिरणारी हवा मोजणारा जो सेन्सर असतो, त्याचा निरोप येत नाहीये. एवढंच. इंजिन खोला म्हणे!

खाली एक बटण होतं, कोड पुसण्याचं. दाबलं. पिवळा दिवा विझला. मी टाळ्या वाजवल्या. ह्यांना बाहेर बोलावलं, काकूंना बोलावलं, लेकीला फोन केला, "आई गाडीची डॉक्टर झाली म्हणून सांग सगळ्यांना." हे म्हणाले, "इतक्यात झालं पण?" कौतुकच ते. ह्यांचं कौतुक असंच असतं, कोरडं.

शुक्रवार, ९

तोंडावर आपटले. सकाळी गाडी सुरू केली, पुन्हा खोकला, पुन्हा दिवा, पुन्हा तोच कोड.

अक्कल आली ती इथे लिहून ठेवते: दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मग बॉनेट उघडलं. लॅपटॉपवर सेन्सरचं चित्र शोधलं होतं, ते मनात ठेवून हवेच्या जाड नळीवर बोट फिरवत गेले. आणि काय! सेन्सरचा प्लग निघालेला, बाजूला लोंबतोय. लावला. खट्! गाडी सुरू केली तर आवाज असा गोड की वाटलं हिला कडेवर घ्यावं. लॅपटॉपवर हवेची रेघ सरळ, शांत चाललेली. गॅरेजवाल्याच्या नाकावर टिच्चून त्याच्या दारावरून दोन चकरा मारल्या, काच खाली करून.

प्लग निघाला कसा? हे लगेच म्हणाले, "उंदीर असेल." मला सुचलंच नव्हतं. अनुभव तो अनुभव. इंजिनात डांबराच्या गोळ्या बांधल्या.

हल्ली हे रोज सकाळी मलाच पेपर वाचून दाखवायला सांगतात. म्हणतात, तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो. इतक्या वर्षांनी! मी बातम्या तर वाचतेच, आता जाहिरातीही वाचते.

मंगळवार, १३

आज एकटीच गाडी घेऊन गेले, शेजारच्या सीटवर लॅपटॉप उघडा ठेवून. सिग्नलला थांबले की बघायचं: इंजिन किती तापलंय, हवा किती, बॅटरी कशी. इतकी वर्षं बसमध्ये उभी राहिले, पण पुढच्या त्या लोखंडी पेटीत काय चालतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज माझं मलाच कळत होतं. परत आले तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

ह्यांची कुरकुर मात्र चालूच. रस्त्यावर नवे दिवे लावलेत ते एकदम फालतू, म्हणतात. प्रत्येक दिव्याभोवती गोल कडं पसरतं, समोरचं काही धड दिसत नाही. मला काही कडंबिडं दिसलं नाही, पण ड्रायव्हरची नजर ती. ह्यांच्या सांगण्यावरून मी नगरपालिकेला तक्रार लिहिली, चांगली झणझणीत.

संध्याकाळी लेकीचा फोन. ह्यांनी तिला विचारलं, "तुझ्या त्या तक्त्यावर कुठली कुठली अक्षरं असतात गं? क्रमाने सांग बरं." केवढी ही उत्सुकता! मुलीच्या धंद्यात एवढा रस घेणारा बाप मी पाहिला नाही. मी आतून ऐकत होते, खरंच अभिमान वाटला.

ठरलंय की शनिवारी घाटापर्यंत जाऊन यायचं, रंगीत तालीम म्हणून. हे चालवणार.

शनिवार, १७

पुन्हा उंदीर!

तालमीला निघालो, बेल दिली, आणि गाडीला हुडहुडी भरली. ह्या वेळी कोड वेगळा. पहिल्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नव्हती. ठिणगी देणाऱ्या कॉइलचा प्लग निघालेला. चहाची कपबशी काकूंच्या हातात देऊन मी बॉनेटमध्ये शिरले आणि चहा निवायच्या आत प्लग लावून बाहेर. काकू आ वासून बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या गाडीचाही दिवा दाखवला. तिच्यात पेट्रोलच्या टाकीचं झाकणच नीट बसलेलं नव्हतं. आता गल्लीत मला डॉक्टरीणबाई म्हणतायत. म्हणोत. मी काही नको म्हणत नाही.

पण तालीम राहिली. गाडी ठीक झाल्यावर हे म्हणाले, "आता ऊन वर आलं, डोळ्यांवर येतं, नको." पिंजरा आणलाय, बॉनेटखाली ठेवलाय. शिवाय दोन्ही प्लग लाल दोऱ्याने घट्ट बांधले. बघू आता कुठला उंदीर गाठ सोडतो.

हे काकूंना सकाळी कुंपणावरून "काय साहेब, कसं काय?" म्हणाले. काकू ओढणी सावरत हसल्या. ह्या वयात थट्टा सुचते ह्यांना.

बुधवार, २१

भांडण झालं. मोठं.

हे म्हणाले, "लेकीला कळव, आपलं येणं जमत नाही. गाडीचा भरवसा नाही."

मी म्हटलं, "गाडी ठणठणीत आहे. मी रोज तपासते."

"वाटेत घाटात बंद पडली तर?"

"तर मी आहे, लॅपटॉप आहे. नाहीतर बसने जाऊ."

"दुसऱ्याच्या हाताखाली मी बसमध्ये बसायचा नाही."

"मग मी जाते एकटी!"

"जा!"

एवढं तोडून हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. लेकीला फोन केला. ती हळूच म्हणाली, "आई, बाबा नसतील तर मी उद्‌घाटन पुढे ढकलते." हॉटेलवाला, पाहुणे, पाटी, सगळं ठरलेलं, आणि ही पुढे ढकलणार! कर्ती-सवरती मुलगी, आवाज मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात बाबा आले का म्हणून पडद्याआडून डोकावणाऱ्या पोरीचा.

माझा सगळा राग उंदरावर. पिंजरा रिकामा.

शुक्रवार, २३

यंत्राची आणखी एक करामत सापडली. कोड येतो त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती, ते ती लिहून ठेवते. आधीचं सगळं मी जपून ठेवलं होतं. तर प्रत्येक वेळी वेग शून्य आणि इंजिन थंडगार! म्हणजे खड्ड्यात हादरा बसून प्लग निघालेला नाही. गाडी उभी असतानाच निघाला. आणि त्या प्लगला अंगठ्याने दाबायची क्लिप असते. दाबल्याशिवाय निघत नाही. उंदराला अंगठा असतो का?

बसमध्ये पाकीटमार असाच पकडायची मी. आधी मुकाट्याने सगळ्यांचे हात बघायचे. तर अंगठा कुणाला आहे, आणि गाडी बिघडली की फायदा कुणाचा? गॅरेजवाल्याचा! काखेत कळसा आणि मी पिंजरे लावत बसले. ह्यांना सांगितलं तर हे एकदम म्हणाले, "छे छे, तो गरीब माणूस आहे, त्याला काही बोलू नकोस हं." मन मोठं आहे ह्यांचं. मी फाटकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या उशाशी.

शनिवार, २४

कसं लिहू? लिहिते.

सकाळी फाटकाचं कुलूप जसंच्या तसं. गाडी सुरू केली, पिवळा दिवा. हवेच्या सेन्सरचा कोड. बॉनेट उघडलं. प्लग निघालेला. आणि माझा लाल दोरा गाठ सोडून, नीट गुंडाळी करून बॅटरीवर ठेवलेला.

दोऱ्याची गुंडाळी केल्याशिवाय चैन न पडणारा माणूस ह्या जगात मला एकच माहीत आहे. पुड्याचा दोरा असो की पतंगाचा. हे.

माझं टाळकंच सरकलं. सगळ्या गल्लीत उंदीर उंदीर करत फिरले मी! आत जाऊन ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं. "ज्याने काढला त्याने बसवायचा," म्हटलं, आणि गाडीत जाऊन लॅपटॉपसमोर बसले. तोंड बघायची इच्छा नव्हती. म्हटलं, पडद्यावर निरोप आला की कळेल.

निरोप येईना. वाट बघितली. ओरडले, "बसवला का?" तरी पडदा तसाच. रागारागाने उतरून पुढे गेले, चांगलं खडसवायचं म्हणून.

हे वाकले होते. एका हातात प्लग. दुसऱ्या हाताची बोटं नळीवर चाचपडत होती, शेजारच्या पट्टीवर, मग बोल्टवर, पुन्हा नळीवर. सेन्सरची खाच अगदी समोर. आणि हे प्लग तिच्या बाजूला, लोखंडावर टेकवून दाबत होते. पुन्हा पुन्हा. कपाळावर घाम.

काढायला अंगठा पुरतो. बसवायला डोळे लागतात.

पेपर. दिवा कुठला लागलाय. रस्त्यावरच्या दिव्यांची कडी. "काय साहेब." तक्त्यावरची अक्षरं. सगळं एकदम माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. गाडीचा प्रत्येक कोड वाचला मी, आणि शेजारी झोपणारा माणूस वाचता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी त्यांचा हात धरला आणि खाचेवर नेला. खट् झालं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्याआधीपासून. आधी रात्रीचे दिवे फुटायला लागले. आता सगळंच धुरकट दिसतं, काचेवर वाफ धरावी तसं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लेकीला सांगितलं असतंस." मग हात पुसत म्हणाले, "तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय गं. एकही अपघात नाही. त्या खुर्चीत बसवून सगळ्यांसमोर ती सांगणार, बापाला दिसत नाही. लोक म्हणतील, आंधळा बस चालवत होता. इतकी वर्षं माणसं सुखरूप पोचवली, तेवढंच माझ्याजवळ आहे. दुसरं काय आहे?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. म्हटलं, "मी आहे की! आणि त्या बसमध्ये मागे मीच होते. तुम्ही कसे चालवत होतात हे लोकांना नाही, मला विचारायचं. ऐका, आठ तारखेला मी कोड पुसला होता आणि टाळ्या वाजवत बसले होते. दिवा विझला, प्लग तसाच लोंबत होता. तुम्ही तेच करताय."

ह्यांनी दोऱ्याची गुंडाळी उचलली आणि माझ्या हातात दिली.

उद्या गाडी मी चालवणार. असं सांगितलं, विचारलं नाही.

सोमवार, २६

गेलो. आलो. आता लिहिते.

काल सकाळी हे शेजारच्या सीटवर बसले, ताठ, वरच्या कडीला धरून, नव्या प्रवाशासारखे. सवयीने माझा हात डॅशबोर्डकडे गेला आणि मागे घेतला. ड्रायव्हरने बेल द्यायची नसते. हे फुरंगटून खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा बिनबेलची गाडी काढली.

घाटात पहिल्या वळणाला समोरून ट्रक आला आणि माझा पाय उगाच ब्रेककडे गेला. तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. "ब्रेक नको. गिअर खाली घे. इंजिनवर सोड." पुढच्या वळणाला, "आता हॉर्न." त्यानंतर प्रत्येक वळण मला आधी कळत होतं. रस्ता दिसत नव्हता ह्यांना, पण इंजिनचा आवाज ऐकत होते आणि अख्खा घाट पाठ होता. माथ्यावर पोचलो तेव्हा हे एवढंच म्हणाले, "बरी चालवतेस." ह्यांच्या तोंडून बरी! मी घाट उतरेपर्यंत हसत होते.

लेकीच्या दारात गर्दी. ती धावत आली आणि स्टिअरिंगवर मला बघून थबकली. हे उतरले, शर्ट सारखा केला, आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज गाडी मी आणलेली नाही. हिने आणली. घाट हिने चढवला, हिनेच उतरवला, आणि बिघाडही हिनेच काढला. माझ्या बसची कंडक्टर." ते कंडक्टर असं काही म्हणाले, की कलेक्टर म्हटलं असतं तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

मग आत जाऊन स्वतःच खुर्चीत बसले, हनुवटी यंत्रावर टेकवली. "बघ गं. काय कोड येतो तो सांग. सगळ्यांसमोर सांग."

लेकीने एक डोळा बघितला. दुसरा बघितला. पुन्हा पहिला. तिचा चेहरा मी बघत होते. "बाबा, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. उजवा बराच वाढलाय."

"नुसता दिवा विझवायचा की दुरुस्ती होते?" ह्यांनी विचारलं.

लेकीला काही कळलं नाही, मला कळलं. ती म्हणाली, "दुरुस्ती होते, बाबा. पूर्ण होते. आधी एक, मग दुसरा. पण तोवर गाडी नाही हं चालवायची."

"मी कुठे चालवतो? मला ड्रायव्हर आहे."

लेक रडली, मग हसली, आणि गळ्यात पडली त्यांच्या. पाटीवरचं तिचं नाव ह्यांनी अगदी जवळ जाऊन, एकेक अक्षरावर बोट फिरवत वाचलं. पुसायला आलेल्या माणसाला म्हणाले, "राहू दे ते बोटांचे ठसे."

निघताना दिवेलागण झाली होती. सगळे दारात निरोपाला उभे. मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा नेहमीसारखा क्षणभर लागला आणि विझला. आरसा बघितला, गिअर टाकला, आणि गाडी तशीच उभी ठेवली.

"काय झालं?" हे म्हणाले. "चल की. आता कुठला कोड?"

"बेल झाली नाही."

ह्यांचा हात पुढे आला, जरासा चाचपडला, डॅशबोर्डला लागला.

टक टक.

मी गाडी काढली.